घोडबैसच्या पलीकडची राख

"मॅडम, अठी पाईपलाईन पाच डाव फुटली," असं म्हणत पुंजाजींनी हातातल्या डब्यातली चुन्याची फक्की रस्त्यावर सोडली. दहा-बारा पावलं पुढं जाऊन पुन्हा थांबले. "आन् या आटाचक्कीपुढं नऊ डाव. दर मे महिन्यात. ठेकेदाराले मी इतक्या शिव्या देल्या, इतक्या देल्या, का त्याच्या सात पिढ्या उचक्या देऊन राह्यल्या असतील."

"त्या शिव्या आता परत घ्या, काका," मागून येणारी आकांक्षा हसली. "पाईप चांगलाच होता. खालची जमीन दगाबाज होती."

पुंजाजींनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. अकरा दिवसांपासून त्यांचं हसू असंच अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत होतं.

सोनोड्याच्या पाणीपुरवठ्यात पुंजाजींनी एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन म्हणून काढली. कोणत्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, कोणता व्हॉल्व्ह दोन आटे जास्त फिरवावा लागतो, कुणाच्या दारातली जमीन ओली झाली की पाईप कुठं गळतो, हे गाव त्यांना तळपायांनी पाठ होतं. निवृत्तीला वर्ष झालं, तरी पाईप फुटला की नगरपंचायतीचा माणूस त्यांचंच दार वाजवायचा. ही झाली त्यांची सकाळ. संध्याकाळी मात्र हेच हात चिपळ्या धरत. डोक्याला पागोटं, गळ्यात बुक्क्याचा वास लागलेलं उपरणं, आणि आवाज असा की वलगावपर्यंतची माणसं "पुंजाजीबुवाचं कीर्तन हाय" म्हणून बैलबंडी जुंपायची, आता मोटारसायकलला किक मारतात एवढाच फरक.

अकरा दिवसांपूर्वी आठवडी बाजारात पाण्याच्या नव्या टाकीसाठी मशीन खणत होतं. खड्ड्याची भिंत सरळ कापली गेली आणि पिवळ्या मातीत एक भलंमोठं काळं ताट उभं कापून ठेवल्यासारखं दिसलं. दोन पुरुष खोल, आठ पावलं रुंद. काम थांबलं, कागद हलले, आणि जुन्या वस्त्यांचा अभ्यास करणारी ही अकोल्याची आकांक्षा आपली चार माणसं, खुरपी आणि कुंचले घेऊन आली. तीन दिवस ती खड्ड्यात बसून होती. मग वर येऊन म्हणाली, "खंदक आहे, काका. गावाभोवतीचा. पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वी खणलेला. नंतर गाळानं भरला, त्यावर घरं झाली आणि सगळे विसरले."

ऐकून पुंजाजींनी ठाम नकारार्थी मान हलवली होती.

कारण सोनोड्याला खंदक नव्हता. नव्हताच! ते त्यांनी स्वतः तीस वर्षं उभ्यानं सांगितलं होतं. बेलनाथ महाराजांच्या पुण्यतिथीचा सप्ताह, शेवटल्या दिवशी काला, आणि काल्याला ही कथा. मुलुखभर घोडेस्वारांचा धुमाकूळ, गावोगाव आगी, लोकांनी महाराजांचे पाय धरले की कोट बांधू, खंदक खणू. महाराज म्हणाले, "नामाचा कोट करा, टाळाचा खंदक करा." आणि सगळं गाव, लहान-थोर, अठरापगड जात, एका रांगेत भजनाला बसलं. घोडे चौखूर उधळत आले आणि निंबाच्या झाडापाशी येऊन गुडघे टेकून बसले. म्हणून त्या जागेचं नाव घोडबैस. म्हणून तिथं पालखी तीनदा झुकते. म्हणून बुवा सुपातली पहिली ओंजळ घेऊन पलीकडं लाह्या फेकतो, त्या बसलेल्या घोड्यांना. नंतर सगळं गाव फेकतं आणि पालखी माघारी वळते.

पुंजाजींना ही कथा त्यांच्या गुरूंनी, नत्थुजीबुवांनी दिली होती. "कथा तुह्या तोंडात ठेवून राह्यलो, पुंजा. सांडू नको," असं म्हणून. पुंजाजींनी थेंबही सांडला नव्हता.

खंदक निघाल्यावर त्यांनी मनाची समजूत काढली. महाराज नंतरचे असतील. खंदक आधीच बुजला असेल. देवाघरच्या गोष्टींना साल-तारीख विचारू नये. या समजुतीच्या भरातच त्यांनी आकांक्षाला सुचवलं होतं, "मॅडम, गाव खनता येत नाई तुमाले. पन पाईप कुठी कुठी फुटते ते मले ठाऊक हाय. काया माती भरलेली जागा उन्हायात आकसते, पावसायात फुगते. शेजारची पिवयी जागची हालत नाई. पाईप मधातच मोडते. फुटीच्या जागा जोडल्या तं तुमचा खंदक भेटन."

आकांक्षा त्यांच्याकडं बघतच राहिली होती. "काका, ही गोष्ट आम्हाला कॉलेजात कुणी शिकवली नाही."

तर अशी ती पांढरी रेघ सकाळपासून गावातून चालली होती. बाजार, आटाचक्की, मारुतीचा पार, जुनी शाळा. सव्वीस जागा झाल्या. सत्ताविसावी फूट आठवून पुंजाजी वळले, डबा कलता केला, आणि त्यांचा हात तिथल्या तिथं थिजला.

समोर निंब होता.

रेघ घोडबैसवर येऊन टेकली होती. काठाला काठ. पालखी जिथं झुकते तिथं खंदकाची आतली कड. लाह्या जिथं पडतात तिथं पलीकडची.

"काका? काय झालं?"

पुंजाजींनी मागं बघितलं. रेघेच्या आत देऊळ, पाटलांचा वाडा, माळी आळी, त्यांचं स्वतःचं घर. मग पुढं बघितलं. रेघेच्या बाहेर, निंबापलीकडं, निळ्या कमानीची वस्ती. शाळेपासूनच्या मित्राचं, शेषरावचं घर. एवढी वर्षं ते या वस्तीत पाणी सोडत आले होते. वस्ती कुठून सुरू होते हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. का सुरू होते, हे मात्र आज चुन्यानं दाखवलं.

"काई नाई," ते म्हणाले. "फक्की संपली."

डबा अर्धा भरलेला होता.

काल्याला तीन दिवस उरले असताना आकांक्षानं निंबापलीकडच्या मोकळ्या जागेत चौकोनी खड्डा घेतला. पुंजाजी सकाळपासून काठावर उकिडवे बसलेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण जाववत नव्हतं.

दुपारी ती म्हणाली, "उतरा खाली. दाखवते."

खड्ड्याच्या भिंतीत बोटबोट जाडीचे तीन काळे पट्टे होते. मधे पिवळी माती, पुन्हा काळा पट्टा.

"राख आहे. ही चुलीची नाही, घरांची. हा कुडाचा भाजलेला गिलावा. हा जात्याचा तुकडा, ही काचेची बांगडी. खंदकाच्याच काळातली वस्ती आहे ही, पण खंदकाच्या बाहेर ठेवलेली. तीनदा जळली, तीनदा पुन्हा बांधली."

"आन् आतमधी?" पुंजाजींनी विचारलं. "बाजारातल्या खड्ड्यात?"

"आत राख नाही मिळाली, काका. हे बघा, दोन खड्ड्यांवरून सगळं गाव सांगता येत नाही. पण हे दोन खड्डे सांगतात ते एवढंच."

घोडेस्वार आले होते. आणि परतही गेले होते. काय जाळून परत गेले, ते बोटबोट जाडीनं भिंतीत लिहिलेलं होतं.

"हे बघा, फुटलेल्या मडक्यात धान्य होतं." तिनं कागदाची पुडी उघडून त्यांच्या तळहातावर चिमूटभर काळे दाणे ठेवले. "ज्वारी आहे. आगीनं फुलली."

पुंजाजींनी दाणा डोळ्यांजवळ नेला. कोळसा झालेला, पण आकार ओळखीचा. पोट फुटून उमललेला. लाही होती ती. पाचशे वर्षांपूर्वी घरासकट भाजलेली लाही.

"विठ्ठला," एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

तिथून ते तडक शेषरावकडं गेले.

शेषराव बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होता. रुळांवरून चालून चालून त्याचे गुडघे गेले होते, पण जिभेची धार शाबूत होती. दोघं पहिली ते सातवी एका बाकावर बसलेले. ओट्यावर खुर्ची टाकून तो पेपर वाचत होता. मागच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब.

"ये, महाराज. चुन्याच्या रेघा मारून राह्यला म्हनते लोक. गावाची पत्रिका काढतं काय?" मग त्यानं पुंजाजींचं तोंड बघितलं आणि पेपराची घडी करून बायकोला हाक मारली. "इंदू, पानी आन वं. याले काई तरी झालं."

पुंजाजींनी तांब्या तोंडाला लावला नाही. "शेषराव, तुले माहीत होतं?"

"काय?"

"घोडबैस. घोडे."

शेषरावनं निंबाकडं बघितलं. "माही आजी सांगे," तो म्हणाला. "घोडेगिडे काई नव्हते म्हने. पालखी तठी थांबे. आमची मानसं अल्याड पदर पसरून उभी राहत. तिकून लाह्या येत. पदरात पडल्या तं पडल्या, नाई तं भुईवरच्या वेचा. छप्पन साली आमी दीक्षा घेतली. त्या वर्सी आजीनं पदर कमरेले खोचला आन् घरात बसली. कोनीच गेलं नाई. तिकडून लाह्या आल्या, भुईवर पडल्या, चिमन्यांनी खाल्ल्या."

"आन् मंग?"

"मंग दुसऱ्या वर्सी तुह्या नत्थुजीबुवाच्या कीर्तनात घोडे आले."

पुंजाजींनी हातातला तांब्या ओट्यावर ठेवला.

"बुवा वाईट नव्हता रे," शेषराव हळू आवाजात म्हणाला. "पन फेकाच्या लाह्यांसाठी पल्याड कोनी तरी पाह्यजे ना. मानसं गेली, तं त्यानं घोडे आनले."

आत इंदूबाईंच्या हातातली कपबशी वाजली.

"मले सांगतलं काहून नाई?" पुंजाजींचा आवाज फाटला. "पन्नास वर्सं सोबत हाओत आपन. तीस वर्सं मी तुह्या घराकडं लाह्या फेकल्या, शेषराव!"

"तू गाऊन राह्यला होता." शेषरावनं मान खाली घातली. "मी त्या भिंतीआडून आयकत जाओ. घोडे बसले म्हनताना तुह्या डोयात पानी येई. खरं पानी. म्या म्हनलं, मानूस रडून राह्यला, त्याले मधातच काय थांबवा."

पुंजाजी उठले. "या खेपेले पालखी पुढं आनतो. तुह्या दारापर्यंत. मंग गाव काईही म्हनो."

"नको आनू." शेषराव पटकन म्हणाला. रागानं नाही, पण ठाम. "त्या पालखीची वाट पाह्यनं सोडून आमाले सत्तर वर्सं झाले. आमची वाट आमाले गवसली. हे तुमचं तुमी निस्तरा. पानी पी आधी, तोंड सुकलं तुहं."

ही गोष्ट गावात पसरायला कितीसा वेळ? काल्याच्या आदल्या दिवशी सप्ताह कमिटीचे खुशालराव पुंजाजींच्या अंगणात येऊन बसले. माणूस भाविक. सात दिवस एकभुक्त राहणारा, मंडपाच्या दोऱ्या स्वतः ओढणारा.

"बुवा, खड्ड्यातलं खड्ड्यात राहू द्या," ते म्हणाले. "मॅडम उद्या जातीन. गावाले अठी राह्यचं हाय."

"पन कथा खोटी हाय, खुशालराव."

"खोटी कशी? माह्या बापानं आयकली. मी आयकली. हजार मानसं दरसाल त्या निंबाखाली हात जोडते. हजार मानसाचे जोडलेले हात खोटे?"

पुंजाजीही त्याच हजारांतले होते. ती कथा सांगताना त्यांना जो देव दिसला होता, तो काही मडक्यासारखा फोडून टाकता येत नव्हता.

"सांगाचंच असन तं तसं म्हना," खुशालराव उठताना म्हणाले. "अमरावतीहून दुसरे बुवा बोलावतो. पन मंग वीना तुमच्या गयात पुन्हा पडनार नाई. मले वाईट वाटते सांगाले."

ते गेले. चुलीपाशी दुर्गाबाई उद्याच्या लाह्या भाजत होत्या. लोखंडी कढईत तापलेली वाळू, त्यात ज्वारी, तडतड तडतड. लग्न होऊन आल्यापासून सुपातल्या लाह्या त्यांच्याच हातच्या.

"आयकलं मी सगयं," त्या म्हणाल्या. "शेषरावदादाची आजी मले आठवते. नवी नवरी होती मी. नयावर पानी भरताना मले म्हने, लाह्या लय चांगल्या फुटते वं तुह्या, पांढऱ्याफेक. म्या विचारलं, आजी, तुमी कवा खाल्ल्या? तं नुसती हासली." त्यांच्या हातातला झारा थांबला. वाळूत राहिलेली ज्वारी करपू लागली. "अवो, मंग मी एवढे वर्सं कोनासाठी भाजल्या?"

पुंजाजींनी उठून कढई खाली उतरवली. घरभर जळक्या ज्वारीचा वास भरला.

काल्याच्या दिवशी ऊन कडक होतं. पालखी दुपारी बाराला निघाली. टाळांचा गजर असा की पारावरचं कुत्रंही कान पाडून बसावं. पुढं मृदंग, मधे वीणा गळ्यात घातलेले पुंजाजी, मागं झेंडूंच्या माळांखाली दिसेनाशी झालेली पालखी. त्या दिवशी ते गायले मात्र असे, की जुनी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. आवाज कुठून तरी खोलातून येत होता. खुशालरावांच्या मनावरचं ओझं उतरलं. ते उलटे चालत, टाळ्या वाजवत, डोळे मिटून नाचत होते.

निंब आला. रस्त्यावर चुन्याची रेघ अजून होती, पायांनी पुसट झालेली. पालखी तीनदा झुकली. मृदंग थांबला. आता घोडे यायचे. हजार माणसं खाली बसली. बायांनी पोरांना मांडीवर ओढलं. खुशालरावांनी दोन्ही हातांनी सूप पुढं केलं. वर पांढऱ्याफेक लाह्यांचा ढीग.

पुंजाजींनी वीणा गळ्यातून काढली, कपाळाला लावली आणि खुशालरावांच्या खांद्यावर अडकवली. सुपाला हात लावला नाही.

"मायबाप," ते म्हणाले. "घोडे नव्हते."

कुणाला नीट कळलं नाही. पुंजाजी चालू लागले. रेघ ओलांडली. एक, दोन, तीन. पावलं मोजल्यासारखी पडत होती. आठव्या पावलाला ते थांबले आणि वळले. तीस वर्षांत त्यांनी पालखीला या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. इथून तिचा देव दिसत नव्हता. नुसती माणसांची भिंत दिसत होती, आणि तिच्या मधोमध एक सूप.

"अठी मानसं होती," ते म्हणाले. आवाज कीर्तनाचा नव्हता, पाईप कुठं फुटला ते सांगतानाचा होता. "तीनदा जयाली. तरी अठीच राह्यली. नामाचा कोट आपल्यापाशी होता, मायबाप, पन तो एवढ्यापर्यंतच होता. आपून आतमधी बसून गायलो, आन् यांच्याकडं लाह्या फेकल्या. मी फेकल्या. पह्यली ओंजय माही."

त्यांनी गळ्यातलं उपरणं काढलं. त्याची दोन्ही टोकं धरली आणि पुढं पसरलं.

"फेका," ते म्हणाले.

रामराया! टाळकरी एकमेकांकडं बघेनात. खुशालरावांच्या खांद्यावर वीणा, एका हातावर सूप. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांचा दुसरा हात सुपात गेला होता, मूठ भरून वरही आली होती, आणि तिथंच अडकली होती. समोर कोण उभं आहे ते डोळ्यांना दिसत होतं. ज्याच्या पायांवर दर एकादशीला डोकं ठेवलं तोच पदर पसरून उभा होता. त्याच्या अंगावर लाह्या फेकायच्या?

"बुवा, या ना मांगं," ते कसंबसं म्हणाले. "काहून असं करून राह्यले?"

"फेका, खुशालराव. रीतच हाय आपली."

बायांच्या घोळक्यातून दुर्गाबाई उठल्या. रेघेपाशी आल्या. खाली बघितलं. एखादा खोल नाला ओलांडताना बाई धरते तशा नऊवारीच्या निऱ्या त्यांनी किंचित उचलून धरल्या, आणि आठ पावलं चालून नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर उतरवला. तोही पसरला.

मागं निळ्या कमानीपाशी शेषराव येऊन उभा होता. तो पुढं आला नाही. गुडघे दुखत असूनही बसला नाही, एवढंच.

खुशालरावांची बोटं आपोआप सैल झाली आणि लाह्या त्यांच्याच पायांवर, चुन्याच्या रेघेवर सांडल्या. पांढऱ्यात पांढऱ्या. निंबावरून एक चिमणी उतरली, मग दुसरी.

पुंजाजींनी एकतीस वर्षं पान्हे फिरवले होते, पण रिकामं कापड धरून ठेवायला इतका जोर लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. उपरणं त्यांनी खाली घेतलं नाही.